शिशाचे बूट

जानेवारीत घरी गेलो होतो. जवाहरनगरच्या जवळच्या एका गावात शंकरपट होता. मित्राचा सकाळीच फोन आला, "येजो बे, काकाची जोडी हाय." पट सुरू व्हायला वेळ होता, म्हणून आधी त्याच्या गॅरेजवर जाऊन बसलो. आम्ही दोघं दहावीपर्यंत एका वर्गात होतो. पुढे मी इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने आयटीआय केलं, आणि आज रस्त्याच्या कडेला त्याचं बाइक-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. हाताला ऑइल लागलेलं असताना करंगळीने मोबाइल चालवण्यात तो पटाईत आहे. त्या करंगळीनेच त्याने मला एक व्हिडिओ लावून दिला.

११ एप्रिल १९९३. इंग्लंडमधलं डॉनिंग्टन पार्क. पाऊस पडतोय, ट्रॅक ओला आहे. आयर्टन सेन्ना चौथ्या जागेवरून सुटतो आणि पहिल्या वळणाआधीच पाचवा होतो. मग तो एकेकाला गाठत जातो. आधी शूमाकर, मग वेंडलिंगर, मग डेमन हिल आणि शेवटी ॲलेन प्रॉस्ट. पहिला लॅप संपतो तेव्हा सेन्ना सगळ्यांच्या पुढे आहे. फॉर्म्युला वनचे चाहते तो लॅप अजूनही पुन्हा पुन्हा बघतात. शर्यत संपेपर्यंत सेन्नाने हिल सोडून बाकी सगळ्यांना किमान एका लॅपने मागे टाकलं होतं. त्यात प्रॉस्टही होता, आणि प्रॉस्टची गाडी त्या वर्षीची सगळ्यांत भारी गाडी होती.

"पाय बे," मित्र म्हणाला, "मानूस जितला, मशीन हारली."

आम्हा दोघांचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पण माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. मी म्हटलं, "अरे, सेन्नाच्या गाडीतही ट्रॅक्शन कंट्रोल होतं." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लग्नात जेवायला बसून मीठ जास्त आहे म्हणालो.

पुण्याला परत येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच, त्या वर्षी जिंकलं कोण? आणि हा प्रश्न मला इतका का टोचतोय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते मी टाळत होतो. त्याच्याकडे शेवटी येतो, आधी पहिला प्रश्न.

*

विल्यम्सच्या टीमने १९९२मध्ये एफडब्ल्यू१४बी नावाची गाडी ट्रॅकवर आणली आणि पुढच्या वर्षी तिची सुधारित बहीण, एफडब्ल्यू१५सी. त्यांची मुख्य करामत म्हणजे ॲक्टिव्ह सस्पेन्शन. साध्या गाडीत चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते, मग गाडी डोलते. शर्यतीच्या गाडीला हे परवडत नाही, कारण तिला जमिनीवर दाबून धरणारी हवा गाडीच्या तळाची उंची किती आहे यावर अवलंबून असते. उंची बदलली की पकड बदलली. विल्यम्सच्या गाडीत सेन्सर सतत मोजमाप घेत आणि संगणक हायड्रॉलिक यंत्रणेला सांगून गाडीची उंची हवी तशी राखत असे. जोडीला ट्रॅक्शन कंट्रोल होतं. चाक घसरायला लागलं की ते इंजिनाची ताकद आपोआप कमी करतं. सेमी-ऑटोमॅटिक गिअर होते. १९९३च्या गाडीत एबीएससुद्धा होतं. आज आपल्या बाइकला एबीएस असतं तेव्हा आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण तेव्हा लोक म्हणू लागले की ही गाडी स्वतःच चालते, ड्रायव्हर फक्त बसलेला असतो.

हा आरोप तपासून बघू. १९९२मध्ये नायजेल मॅन्सेल त्या गाडीत नऊ शर्यती जिंकला आणि ऑगस्टमध्येच जगज्जेता झाला. त्याच टीममध्ये, तशाच गाडीत रिकार्दो पात्रेसे होता. तो जिंकला एक शर्यत. गुण १०८ विरुद्ध ५६. गाडी स्वतः चालत असती तर दोघांचे गुण जवळपास सारखे हवे होते.

आता उलटी बाजू. १९९३मध्ये सेन्ना मॅक्लारेनच्या एमपी४/८मध्ये होता. होंडाने साथ सोडलेली, म्हणून टीमला फोर्डचं विकतचं व्ही८ इंजिन घ्यावं लागलं होतं. समोर विल्यम्सकडे रेनोचं व्ही१० होतं. पण मॅक्लारेन म्हणजे काही बैलगाडी नव्हती. तिच्यातही ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं, ट्रॅक्शन कंट्रोल होतं. खुद्द सेन्नाने डॉनिंग्टनपेक्षा १९८५चा एस्टोरिलचा विजय मोठा मानला होता. तोही पावसातलाच होता, पण त्या गाडीत चाकं सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. म्हणजे "माणूस जिंकला, मशीन हरली" हे त्या माणसालाच पूर्ण मान्य नव्हतं.

मग मशीनच जिंकली का? तसंही नाही. सेन्नाच्याच टीममध्ये अमेरिकेचा चॅम्पियन मायकल आंद्रेती होता. तेरा शर्यतींत त्याला सात गुण मिळाले आणि त्याची जागा गेली. सेन्नाचे वर्षाचे गुण होते ७३. विल्यम्समध्ये बसलेल्या हिलपेक्षाही चार जास्त.

आमच्याकडे धान चांगलं पिकलं तर त्यात पाण्याचा वाटा किती आणि बियाण्याचा किती, असं कोणी विचारत नाही. पाणी नसेल तर बी वाया आणि बी नसेल तर पाणी वाया. बेरजेत वाटे पाडता येतात, गुणाकारात नाही. ड्रायव्हर आणि गाडी हा गुणाकार आहे. शंकरपटातल्या लोकांना हे जुनंच माहीत आहे. तिथे भोंग्यावरून नाव पुकारतात तेव्हा जोडी कोणाची तेही सांगतात आणि धुरकरी कोण तेही. फॉर्म्युला वनमध्येही दोन वेगळी विजेतेपदं असतात, एक ड्रायव्हरचं आणि एक टीमचं. सस्पेन्शनचा कोड लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच भोंग्यावर येत नाही, हे जाता जाता, सहकाऱ्यांच्या वतीने.

*

तरी एक गोष्ट वाटे न पाडताही कळू शकते. दोन माणसांना एकाच तऱ्हेच्या गाडीत बसवा. मग जो फरक उरेल तो गाडीचा नाही. आम्ही ऑफिसात याला ए/बी टेस्ट म्हणतो. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची.

ही टेस्ट प्रॉस्ट आणि सेन्ना यांच्यात एकदा झाली होती. १९८८मध्ये प्रॉस्ट मॅक्लारेनचा प्रस्थापित ड्रायव्हर होता, दोनदा जगज्जेता झालेला. सेन्ना त्याच टीममध्ये आला आणि प्रॉस्टने ते होऊ दिलं. त्या वर्षी मॅक्लारेनने १६पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेन्ना आठ, प्रॉस्ट सात. वर्षभराचे सगळे गुण मोजले तर प्रॉस्टचे १०५ आणि सेन्नाचे ९४. पण तेव्हाच्या नियमात फक्त सर्वोत्तम ११ निकाल धरायचे, त्यामुळे हिशोब झाला ९० विरुद्ध ८७ आणि विजेतेपद सेन्नाला गेलं. टेस्ट होऊनही उत्तर वादाचंच राहिलं. पण निदान प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला होता.

१९९३मध्ये तो विचारलाच गेला नाही. १९९२चं संपूर्ण वर्ष प्रॉस्ट शर्यतीबाहेर होता. त्याने विल्यम्सशी करार केला तेव्हा त्यात एक अट होती : १९९३ला सेन्ना माझ्या टीममध्ये नको. सेन्ना तर विल्यम्ससाठी एक पैसा न घेता गाडी चालवायला तयार होता. अट कळल्यावर तो भडकला आणि १९९२च्या सप्टेंबरमध्ये एस्टोरिलच्या पत्रकार परिषदेत त्याने प्रॉस्टला भित्रा म्हटलं. तो जे बोलला त्याचा आशय असा : शंभर मीटरची शर्यत लावायची, याने धावायचे बूट घालायचे आणि बाकीच्यांनी शिशाचे.

पुढचा निकाल अपेक्षित होता. १६ शर्यतींत १३ वेळा प्रॉस्ट पोलवर होता, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून सुटला. सात शर्यती जिंकला, ९९ गुण मिळवले, चौथ्यांदा जगज्जेता झाला. सेन्ना पाच शर्यती जिंकून दुसरा.

मधल्या काळात नियम करणाऱ्या एफआयएने ठरवलं की दोष मशीनचा आहे. कॅनडाच्या शर्यतीच्या वेळी एक छोटी टीम सोडून बाकी सगळ्यांच्या गाड्या नियमबाह्य असल्याचं अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. १९९४पासून ॲक्टिव्ह सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, सगळ्यांवर बंदी आली. ड्रायव्हरच्या हातात गाडी परत द्यायची, हा हेतू.

त्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९९४मध्ये बेनेटन टीमच्या गाडीचं सॉफ्टवेअर तपासलं गेलं. त्याच्या मेन्यूत दहा पर्याय दिसत होते. पण न दिसणाऱ्या पर्यायांवरून आणखी खाली गेलं की तेरावा सापडायचा. तो होता लाँच कंट्रोल, म्हणजे सुटतानाची गाडी सांभाळणारी, बंदी असलेली सोय. टीमचं म्हणणं होतं की तो जुना कोड आहे, काढताना दुसरं काही बिघडू नये म्हणून ठेवलाय. तो शर्यतीत वापरल्याचा पुरावा मिळाला नाही. मी रोज असा जुना, हात लावायची भीती वाटणारा कोड बघतो, त्यामुळे ते म्हणणं मला खोटं वाटत नाही. आणि त्याच कारणाने पूर्ण खरंही वाटत नाही. मशीन काढून टाकली म्हणून संशय गेला नाही. तो फक्त खोलवर जाऊन बसला.

मला वाटतं एफआयएने चुकीच्या गोष्टीला दोष दिला. १९९३मध्ये जे खटकत होतं ते गाडी चांगली असणं नव्हतं. चांगली गाडी कोणालातरी मिळणारच. खटकत होती ती अट.

*

इथे सेन्नाला नायक आणि प्रॉस्टला खलनायक करून थांबणं सोपं आहे. पण गोष्ट तशी नाही.

प्रॉस्टची भीती हवेतली नव्हती. १९८९ला जपानमध्ये सुझुकाला दोघांची धडक झाली, सेन्नाला बाद केलं गेलं आणि विजेतेपद प्रॉस्टला मिळालं. १९९०ला त्याच ट्रॅकवर, पहिल्याच वळणावर, सेन्नाने भरवेगात प्रॉस्टच्या गाडीवर गाडी घातली. दोघंही बाहेर, त्यामुळे विजेतेपद सेन्नाला. ते मुद्दाम केलं होतं, हे पुढच्या वर्षी त्याने स्वतः कबूल केलं. अशा माणसाबरोबर एका टीममध्ये नको, असं म्हणणाऱ्याला भित्रा म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

आणि सेन्ना? १९८६साठी लोटस टीम डेरेक वॉरविकला घेणार होती. सेन्नाने नकार दिला. टीमला दोन बरोबरीच्या गाड्या झेपणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. वॉरविकची जागा गेली. म्हणजे शिशाचे बूट दुसऱ्याच्या पायात घालायची कला सेन्नालाही येत होती. सात वर्षांनी तेच बूट त्याच्या पायात आले तेव्हा ते किती जड असतात ते त्याला कळलं.

म्हणून मला हा प्रश्न दोन माणसांच्या स्वभावाचा वाटत नाही. चांगली जागा मिळाली की तिचं दार आतून लावून घ्यावंसं वाटतं, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे कारण असतं. प्रॉस्टचं कारण खरं होतं. सेन्नाचंही कदाचित अगदीच खोटं नसेल. माझ्याकडेही होतं.

*

अकरावी-बारावीत मला नागपूरला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावला होता. बाबा फॅक्टरीत, पगार नियमित, त्यामुळे फी भरता आली. मित्राच्या घरी धानाची शेती आणि पटाची एक जोडी. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. पट बंद झाले, आणि धावणाऱ्या बैलांना जो मान आणि भाव होता तोही गेला. बैलांना शर्यत हवी असते का, हे त्यांना कोणी विचारत नाही, त्यामुळे त्या निकालामागचा विचार मला समजतो. पण त्या घरात त्या वर्षी क्लासच्या फीचा विषय निघूच शकत नव्हता, हेही मी बघितलं आहे.

गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी विनयाने म्हणत नाही. शाळेत सर फळ्यावर उदाहरण लिहून संपवायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं.

बारावीच्या दिवाळीत तो घरी आला आणि क्लासची फिजिक्सची मॉड्यूल आणि सराव पेपर आठवडाभर मागितले. मी म्हणालो, "वर्गात परत जमा करावे लागतात रे." ते खोटं होतं. ते गठ्ठे पलंगाखाली पडले होते. त्यातले निम्मे मी उघडलेही नव्हते.

मला प्रवेश मिळाला. त्याला नाही.

मी स्वतःला अनेकदा समजावलं. फी बाबांनी भरली होती. जागा मोजक्या असतात, मग प्रतिस्पर्ध्याला मदत करायची सक्ती आहे का? आठवडाभराच्या झेरॉक्सने असा काय फरक पडला असता? यातलं प्रत्येक कारण थोडं खरं आहे, म्हणूनच ती टिकली. पण त्यांच्यात एक गल्लत आहे. मला क्लास मिळाला यात माझा दोष नाही, जसा प्रॉस्टला विल्यम्स मिळाली यात त्याचा नाही. नशिबाने मिळालेली गाडी परत करायची नसते. तो दुसरा माणूस त्याच गाडीच्या दाराशी उभा असताना आपण दार लावलं, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पहिली आपल्याबाबत घडते. दुसरी आपण करतो.

आणि दार लावण्यात नुकसान एकट्या बाहेरच्याचं होत नाही. प्रॉस्ट हा फार मोठा ड्रायव्हर होता. १९९३ला सेन्ना त्याच्या शेजारच्या विल्यम्समध्ये असता तर कदाचित तोच जिंकला असता. पण ते आता कोणालाच कधी कळणार नाही, खुद्द प्रॉस्टलाही. ९९ गुणांच्या त्या वर्षातला सगळ्यांत जास्त बघितला जाणारा लॅप दुसऱ्याचा आहे. ज्या एका टेस्टने त्याचं मोठेपण सिद्ध झालं असतं ती त्यानेच करारात रद्द केली. माझ्या प्रवेशाचंही तसंच आहे. मी अभ्यास केला होता, रात्री जागलो होतो. पण मी जिंकलो ते कष्टाने की पलंगाखालच्या गठ्ठ्याने, हे मला सांगता येत नाही. ते पाहण्याची एकच संधी होती आणि ती मी खोटं बोलून घालवली.

ऑफिसात हे रोज दिसतं. एखादा डॉक्युमेंट लिहीत नाही, म्हणजे त्याच्याशिवाय काम अडेल. एखादा नव्या मुलाला ॲक्सेस द्यायला आठवडा लावतो. सगळ्यांचं काम चांगलंच असतं. फक्त ते किती चांगलं आहे, हे तपासायला शेजारी कोणी उरलेलं नसतं.

*

१९९३च्या शेवटच्या शर्यतीत, ॲडलेडला, सेन्ना जिंकला आणि प्रॉस्ट दुसरा आला. प्रॉस्टने निवृत्ती जाहीर केली होती. मंचावर सेन्नाने त्याला हाताला धरून वर, पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर ओढून घेतलं. त्यानंतर दोघांत बोलणं सुरू झालं. पुढच्या वर्षी विल्यम्सची जागा सेन्नाला मिळाली, पण इलेक्ट्रॉनिक्स काढून घेतलेली ती गाडी अवघड निघाली. तरी पहिल्या तिन्ही शर्यतींत तो पोलवर होता. तिसरी शर्यत १ मे १९९४ची, इटलीत इमोलाला. त्यात तो गेला. साओ पाउलोला त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता.

हे वाचल्यावर मी ठरवलं की आपल्याला अजून बोलता येतंय तोवर बोलून घ्यावं. फोनवर नाही, होळीला घरी गेलो तेव्हा गॅरेजवर. तो एका बाइकचा कार्बोरेटर साफ करत होता. मी मॉड्यूलचं सगळं सांगितलं. पलंगाखालचंही.

त्याने मान वर केली नाही. "मले तवाच समजलं होतं बे," तो म्हणाला. "तुह्या आईनंच सांगतलं होतं का पुस्तकांचा पसारा घरात मावून नाई रायला."

मग जरा वेळाने म्हणाला, "आन देले असते तरी मी वाचलो असतो का नाई, कोन सांगते?"

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण कोणीच सांगू शकत नाही, आणि ते तसं मी करून ठेवलं आहे.

त्याने पेट्रोलने हात धुतले, कापडाला पुसले आणि मला म्हणाला, त्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनचं नीट समजावून सांग, उंची संगणकाला कळते कशी? मी सुरुवात केली. तो अर्ध्यात थांबवून प्रश्न विचारत होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. आता ते शोधून त्याला पाठवायचं आहे.